शेठ वालचंद हिराचंद आणि मोटारीची ठिणगी

मंडळाच्या स्मरणिकेत थोर व्यक्तींची चरित्रे देण्याची आपली प्रथा जुनी आहे. संत झाले, राण्या झाल्या, समाजसुधारक झाले, देशभक्तही झाले. यंदा चिटणीसबाईंनी माझ्याकडे लेख मागितला तेव्हा मी शेठ वालचंद हिराचंद यांचे नाव सांगितले. कारखानदाराचे चरित्र महिला मंडळाच्या स्मरणिकेत कशासाठी, अशी शंका एक-दोन भगिनींनी काढली. शंका रास्त आहे, म्हणून तिचे उत्तर आधी देते.

वालचंदशेठ आपल्याला परके नाहीत. लहानपणी आपण रावळगावच्या गोळ्या चघळल्या, तो रावळगावचा कारखाना त्यांचा. आपल्या आया-आज्या मालवणहून मुंबईला आगबोटीने जात. बोट खोल पाण्यात उभी राही आणि बोचक्यांसह, पोराबाळांसह होडीतून तिच्यापर्यंत जावे लागे. त्या कोकणच्या बोटी चालवणारी बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन कंपनी पुढे ज्या सिंदिया कंपनीच्या ताब्यात गेली, तिचे वालचंदशेठ संस्थापक आणि कैक वर्षे अध्यक्ष होते. मुंबईला उतरल्यावर जी काळी-पिवळी फियाट टॅक्सी आपल्याला गिरगावात नाही तर लालबागला नेऊन सोडी, ती त्यांनी काढलेल्या कुर्ल्याच्या कारखान्यातली. तोंडातली गोळी, समुद्रातली बोट आणि रस्त्यावरची मोटार, अशा तीन वाटांनी जो माणूस आपल्या घरात आला, त्याचा परिचय करून घ्यायला हरकत नसावी.

दुसरे कारण घरचे आहे. आमच्या सासऱ्यांनी मुंबईहून आणलेली १९७५ सालची प्रीमियर पद्मिनी अजून आमच्या पडवीशेजारच्या मांगरात उभी आहे आणि चालते. पावसाळ्यात ती कधी कधी रुसते. तेव्हा तिचे पॉइंट, कंडेन्सर, प्लग बदलायचे काम गेली काही वर्षे मीच करते. हे बारके भाग हातात घेतले म्हणजे वालचंदशेठांची आठवण होते. ती का होते, हे सांगण्यासाठीच हा लेख आहे.

वालचंदांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापूरला झाला. घराणे दिगंबर जैन, मूळचे गुजरातेतले, पण व्यापारानिमित्त सोलापुरात स्थायिक झालेले. कापसाचा व्यापार आणि सावकारी हा घरचा धंदा. आई जन्मानंतर लवकरच गेली. शिक्षणासाठी ते मुंबई-पुण्याकडे गेले, पण पदवीपर्यंत पोहोचले नाहीत. घरच्या पेढीवर बसून व्याजाचा हिशेब करण्यात त्यांचे मन रमेना. ज्या धंद्यात काही उभे राहते, डोळ्यांना दिसते, असा धंदा त्यांना हवा होता.

तो त्यांना रेल्वेच्या ठेक्यांत सापडला. लक्ष्मण बळवंत फाटक हे रेल्वेतले कारकून नोकरी सोडून ठेकेदारीत शिरले होते. त्यांना कामाची माहिती होती, वालचंदांकडे भांडवल आणि हिंमत होती. फाटक-वालचंद अशी भागीदारी झाली. बार्शी लाइट रेल्वेच्या कामापासून आरंभ करून ते पुढे बोरघाटातल्या बोगद्यांपर्यंत गेले. मुंबईकर ज्या तानसाचे पाणी पितात, त्या तलावाच्या जलवाहिनीच्या कामातही त्यांचा हात होता. १९२६ साली हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनी निघाली. डोंगर फोडणे आणि पूल बांधणे ही साहेबांच्या कंपन्यांची कामे समजली जात. ती कामे सोलापूरच्या व्यापाऱ्याचा मुलगा आणि एक मराठी कारकून करून दाखवू लागले.

परंतु वालचंदांचे नाव देशभर झाले ते जहाजांमुळे. पहिले महायुद्ध संपले तेव्हा ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारांचे लॉयल्टी नावाचे जहाज विकायला निघाले होते. मुळात ती कॅनेडियन पॅसिफिक कंपनीची एम्प्रेस ऑफ इंडिया नावाची प्रवासी बोट. शिंदे सरकारांनी ती घेऊन युद्धात जखमी सैनिकांच्या इस्पितळासाठी दिली होती. वालचंदांनी नरोत्तम मोरारजी, लल्लूभाई सामळदास आणि किलाचंद देवचंद यांच्या साहाय्याने ती विकत घेतली आणि १९१९ साली सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी स्थापन झाली. ५ एप्रिल १९१९ रोजी लॉयल्टी मुंबईहून विलायतेला निघाली. तो दिवस आपल्या देशात १९६४ पासून राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो.

आपल्या मालवणकरांना या गोष्टीचे मोल निराळे सांगायला नको. या किनाऱ्यावर एके काळी पोर्तुगीजांचा परवाना घेतल्यावाचून व्यापारी गलबताला समुद्रात जाणे धोक्याचे होते. शिवछत्रपतींनी स्वतःचे आरमार बांधले आणि १६६४ साली कुरट्याच्या खडकावर सिंधुदुर्गाचा पाया घातला, त्यामागचे एक कारण हेच होते. वालचंदांच्या काळी परवान्याचा कागद उरला नव्हता, पण व्यवहार तोच होता. हिंदी किनाऱ्यावरचा जवळजवळ सारा माल इंग्रजी कंपन्यांच्या बोटींतून जाई. देशी कंपनी उभी राहिली की त्या कंपन्या भाडे इतके खाली आणीत की नवख्याचे दिवाळे निघावे. सिंदियावरही तोच प्रयोग झाला. कंपनी बुडाली नाही, पण १९२३ साली तिला तडजोडीचा दहा वर्षांचा करार करावा लागला. आपल्याच किनाऱ्यावर आपल्या कंपनीने किती टनांपर्यंत जहाजे ठेवावीत, याची मर्यादा त्या करारात होती. वालचंदांना ही तडजोड मनापासून पटली नव्हती. मोठ्या यंत्राची मालकी मिळाली तरी ते कुठे आणि किती चालवायचे हे दुसरा ठरवत असेल, तर मालकी अर्धीच राहते, हा धडा त्यांनी येथे घेतला असावा. १९२९ साली नरोत्तम मोरारजींच्या निधनानंतर ते अध्यक्ष झाले आणि १९५० पर्यंत त्या पदावर राहिले.

आता मोटारीकडे वळते. त्यासाठी आधी मोटारीच्या पोटातली एक गोष्ट समजावून सांगितली पाहिजे. भगिनींनी कंटाळू नये. शिवणयंत्राचे शटल ज्यांना समजते त्यांना हेही समजेल.

पेट्रोलचे इंजिन ठिणगीवर चालते. पेट्रोलची वाफ आणि हवा यांचे मिश्रण नळकांड्यात दाबले जाते आणि नेमक्या क्षणी तेथे ठिणगी पडते. मिश्रण पेटते, दट्ट्या खाली ढकलला जातो आणि चाक फिरते. आमच्या पद्मिनीचे इंजिन १०८९ सी.सी.चे, चार नळकांड्यांचे. ते मिनिटाला तीन हजार फेरे घेत असेल तर मिनिटाला सहा हजार, म्हणजे सेकंदाला शंभर ठिणग्या लागतात. बॅटरी तर फक्त बारा व्होल्टची. तेवढ्या दाबाने प्लगच्या टोकांमधली फट ओलांडली जात नाही. म्हणून कॉईल असते. तिच्यात तारेचे दोन वेढे असतात, एक जाड तारेचा थोडक्या फेऱ्यांचा आणि दुसरा बारीक तारेचा हजारो फेऱ्यांचा. जाड वेढ्यातला प्रवाह एकदम तोडला की बारीक वेढ्यात पंधरा-वीस हजार व्होल्टचा झटका उठतो. तो प्रवाह तोडण्याचे काम पॉइंट करतात. पॉइंट म्हणजे दोन छोटी धातूची टोके. फिरणारा दांडा त्यांना उघडतो आणि स्प्रिंग मिटवते. उघडताना त्यांच्यामध्येच ठिणगी उडून ती जळू नयेत म्हणून शेजारी कंडेन्सर असतो. मग डिस्ट्रिब्युटरच्या टोपीखाली फिरणारा रोटर तो झटका पाळीपाळीने एकेका प्लगकडे पाठवतो. पाळी ठरलेली असते : पहिला, तिसरा, चौथा, दुसरा.

या साखळीतला एक दुवा बिघडला की हजार किलोच्या आसपास वजनाची मोटार जागची हलत नाही. आपल्याकडे तर खारी हवा आणि चार महिने पाऊस. टोपीच्या आत दमटपणा धरला की वीज प्लगपर्यंत न जाता टोपीच्या आतल्या अंगावरूनच पळते. पॉइंटवर राखाडी थर चढतो. पॉइंटला दांड्यावर घासणारी जी फायबरची टाच असते ती झिजते, फट कमी होते, ठिणगी उशिरा पडते आणि चढावर गाडी दम टाकते. आमची गाडी एकदा श्रावणात फोंडाघाट चढताना अशीच थबकत थबकत चालली होती. गाडीचे वय आणि आपली हवा पाहता त्यात नवल काही नव्हते. कणकवलीच्या मिस्त्रींनी तेव्हा जे काम केले ते मी शेजारी उभी राहून पाहिले, आणि पुढच्या खेपेला त्यांच्या देखरेखीखाली माझ्या हातांनी केले.

काम अवघड नाही, निगुतीचे आहे. किल्ली बंद करून बॅटरीची तार सोडायची. टोपीच्या दोन पकडी काढून ती आतून कोरड्या फडक्याने पुसायची आणि उजेडात धरून तडा आहे का ते बघायचे. तडा असेल तर टोपी बदलायची, डिंक लावून भागत नाही. मग रोटर काढायचा, एका स्क्रूने धरलेले जुने पॉइंट सोडवायचे आणि त्यांच्याबरोबर कंडेन्सरही नवा घालायचा. नव्या पॉइंटवर गंजू नये म्हणून तेलाचा हात दिलेला असतो, तो पेट्रोलच्या फडक्याने पुसायचा. दांड्याचा उंचवटा टाचेखाली येईल असे इंजिन हाताने फिरवायचे, म्हणजे पॉइंट पूर्ण उघडतात. त्या फटीत पातीचे माप घालून अंतर जुळवायचे. हे अंतर अर्ध्या मिलिमीटरच्याही आत असते. पाती अडकू नये आणि सैलही पडू नये. वरण किती आटवायचे हे ज्या हाताला कळते त्या हाताला हेही चार वेळांत कळते. स्क्रू आवळताना अंतर सरकते, म्हणून आवळल्यावर पुन्हा मोजायचे. प्लगच्या तारा बदलायच्या तर एका वेळी एकच, म्हणजे पाळी चुकत नाही. प्लग आधी बोटांनी फिरवून बसवायचा आणि मग पान्याने आवळायचा, म्हणजे आटे बिघडत नाहीत.

एवढे सारे भाग मिळून एका पिशवीत मावतात. त्यांची किंमत मोटारीच्या किमतीपुढे काहीच नाही. पण ते हाताशी नसतील तर मोटार म्हणजे नुसता पत्र्याचा डबा. वालचंदशेठांच्या मोटारीच्या धडपडीचे सारे मर्म मला येथे दिसते.

त्या काळी आपल्या देशात मोटारी होत्या, पण त्या येथे बनत नव्हत्या. १९२८ पासून जनरल मोटर्स या अमेरिकन कंपनीने आणि त्याच सुमारास फोर्डनेही मुंबईत जोडणीचे कारखाने काढले. खोक्यांतून सुटे भाग येत आणि येथे ते जोडले जात. नटबोल्टपासून ठिणगीच्या प्लगपर्यंत सारे समुद्रापलीकडून येई. बोट आली नाही की मोटार उभी राही. सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी हे ओळखले होते. सत्तरी उलटल्यावर त्यांनी युरोप-अमेरिकेतले कारखाने हिंडून पाहिले आणि हिंदुस्थानात मोटारीचा कारखाना काढण्याची योजना तयार केली. वालचंदांनी ती उचलली. मुंबई प्रांताच्या काँग्रेस मंत्रिमंडळाने सहानुभूती दाखवली, पण १९३९ च्या नोव्हेंबरात मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले आणि तो आधार तुटला.

त्याच वर्षी वालचंद अमेरिकेला गेले होते. फोर्डशी जमले नाही. क्रायस्लर कंपनीशी पुढे १९४० मध्ये करार झाला. आता फक्त हिंदुस्थान सरकारची संमती हवी होती. ती मिळेना. मोटारीचा कारखाना युद्धकार्याला आवश्यक नाही, त्यासाठी यंत्रे, पोलाद आणि परकीय चलन देता येत नाही, अशी सरकारची भूमिका होती. म्हैसूर संस्थानाच्या साहाय्याने बंगळूरला कारखाना काढावा असाही विचार झाला, परंतु त्यालाही वरून अनुकूलता लाभली नाही. सैन्याला हजारो ट्रक लागत असताना ते बनवण्याचा कारखाना युद्धाला अनावश्यक ठरावा, हे कोडे सुटणे कठीण आहे. एवढे खरे की कारखाना येथे निघाला असता तर बाहेरून येणारी खोकी कमी झाली असती.

याच अमेरिकेच्या प्रवासाहून परतताना एक योग आला. पॅसिफिक महासागरावरून जाणाऱ्या विमानात त्यांची गाठ विल्यम पॉली या अमेरिकन गृहस्थांशी पडली. पॉली चीनमध्ये विमाने बनवण्याच्या उद्योगात होते. मोटारीचे नकार पचवीत असलेल्या वालचंदांनी त्यांच्याशी विमानाच्या कारखान्याचे बोलणे सुरू केले. १९४० च्या डिसेंबरात बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी म्हैसूर सरकारच्या भागीदारीत स्थापन झाली. १९४१ च्या जून महिन्यात २१ तारखेला विशाखापट्टणला जहाजे बांधण्याच्या गोदीचा पाया डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते घातला गेला. मोटार बनवायची परवानगी नसलेला माणूस विमाने आणि जहाजे बांधायला निघाला, असे ते विलक्षण दिवस होते.

दोन्ही कामांत त्यांना पुरते सुख लाभले नाही. जपानी सैन्य ब्रह्मदेशात शिरल्यावर १९४२ साली विमान कारखान्यातला त्यांचा हिस्सा सरकारने विकत घेतला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये विशाखापट्टणवर जपानी बॉम्ब पडले आणि गोदीचे काम खोळंबले. तेथे बांधलेले जलउषा हे जहाज १४ मार्च १९४८ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते पाण्यात उतरले. पुढे १९५२ साली त्या गोदीचाही मोठा वाटा सरकारकडे गेला. विमानांचा तो कारखाना आजच्या हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा पाया ठरला आणि गोदी हिंदुस्थान शिपयार्ड या नावाने चालू आहे. रोप लावणाऱ्याच्या हातून झाड गेले, पण झाड वाढले.

मोटारीचा हट्ट मात्र त्यांनी सोडला नव्हता. १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी निघाली आणि मुंबईत कुर्ल्याला कारखाना उभा राहिला. बिर्लांनी १९४२ सालीच हिंदुस्थान मोटर्स स्थापन केली होती. १९४७ साली, म्हणजे स्वातंत्र्याच्याच वर्षी, कुर्ल्याच्या कारखान्यातून क्रायस्लरच्या डॉज, प्लिमथ वगैरे गाड्या जोडून बाहेर पडू लागल्या. आरंभी तीही जोडणीच होती. एकेक भाग येथे बनवायला घ्यायचा आणि खोक्यातून येणारी यादी तेवढी आखूड करायची, असा तो संथ मार्ग होता. पुढे इटलीच्या फियाट कंपनीशी संबंध जुळला.

पण शेठजींचे शरीर थकले होते. १९४९ साली त्यांना पक्षाघाताचा झटका आला. अखेरच्या आजारात त्यांच्या पत्नी कस्तुरबाई त्यांच्या सेवेत होत्या. पतीच्या यशाच्या कथा सर्वत्र छापल्या जातात, या चार वर्षांच्या शुश्रूषेवर कोणी फारसे लिहीत नाही. आपल्या मंडळाच्या पानांत तरी तिची नोंद राहावी. सांगलीला आज कस्तुरबाई वालचंद महाविद्यालय त्यांच्या नावाने आहे आणि त्याच शहरात वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. आपल्या जिल्ह्यातली किती तरी मुले तेथे शिकून आली. ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातेत सिद्धपूरला वालचंदशेठ निवर्तले. कारखाने त्यांच्या बंधूंनी पुढे चालवले, त्यात मोटारींची धुरा लालचंदशेठांकडे आली.

जी गाडी पुढे साऱ्या मुंबईची झाली ती फियाट ११०० त्यांनी कुर्ल्याहून निघालेली पाहिलीच नाही. ती त्यांच्या निधनानंतर, १९५४ मध्ये येथे तयार होऊ लागली. ज्या धोरणासाठी ते झगडले तेही १९५३ सालीच आले. नुसती जोडणी करणाऱ्यांनी येथे भाग बनवण्याचा कार्यक्रम हाती घ्यावा, नाही तर काम बंद करावे, असे सरकारने ठरवले. १९५४ मध्ये जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनी मुंबईतली जोडणी थांबवली. मोटारी येथे बनू लागल्यावर त्यांचे भाग बनवणारेही उभे राहिले. बंगळूरला १९५१ साली मायको कंपनी निघून तेथे ठिणगीचे प्लग होऊ लागले. मद्रासला १९६१ साली लुकास-टीव्हीएस निघून मोटारीचे विजेचे सामान बनू लागले. पुणे, कोल्हापूर, नाशिककडे लहानमोठ्या कारखान्यांत सुटे भाग होऊ लागले आणि त्यांवर हजारो घरांच्या चुली पेटल्या. आपल्या शेजारपाजारची मुले त्यांत नोकरीला लागली.

चरित्र लिहिताना दुसरी बाजू झाकू नये. परदेशी स्पर्धा बंद झाल्याने आपल्या मोटारवाल्यांना सुस्ती आली. गाडीसाठी वर्षानुवर्षे नाव नोंदवून वाट पाहावी लागे. पन्नासच्या दशकातली गाडी थोड्याफार फरकाने १९६४ मध्ये डिलाइट आणि १९७४ मध्ये पद्मिनी झाली, इंजिन मात्र जवळजवळ तेच राहिले. १९८३ च्या डिसेंबरात मारुती आली तेव्हा गिऱ्हाईक तिकडे धावले, यात गिऱ्हाइकाचा दोष नव्हता. पद्मिनी नव्या शतकाच्या तोंडाशी बंद झाली आणि मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून उतरली. वालचंदांनी उघडलेल्या दारातून आत आलेले पुढे झोपी गेले, असे कोणी म्हटले तर मी वाद घालणार नाही. तरीही दार उघडणाऱ्याचे श्रेय कमी होत नाही.

आज आमच्या गाडीसाठी पॉइंटचा संच मागितला तर कुडाळचा दुकानदार आधी हसतो आणि मग कोल्हापूरला फोन लावतो. चार दिवसांत माल येतो. कधी खरा असतो, कधी नकली. नकलीची टाच मऊ असते आणि ती लवकर झिजते, हे आता मी बोटाने ओळखते. नव्या गाड्यांत पॉइंट नाहीत, ते काम इलेक्ट्रॉनिक यंत्र करते, आणि जुन्या गाडीलाही तसे यंत्र बसवता येते. काही मालकांनी ते बसवले आहे. ते चांगले चालते, पण बिघडले तर मिस्त्रीला उघडून दाखवता येत नाही, आख्खे फेकून नवे आणावे लागते. म्हणून आम्ही अजून पॉइंटच ठेवले आहेत आणि एक जादा संच गोडेतेलाच्या रिकाम्या डब्यात, तांदळाच्या पुरचुंडीसह, दमटपणापासून जपून ठेवतो.

त्या डब्यातल्या खोक्यांवर भारतात बनवलेले असे छापलेले आहे. पन्नास वर्षांच्या जुन्या गाडीचा, बंद पडलेल्या कारखान्याच्या गाडीचा भाग आजही आपल्या देशात कोणी तरी बनवतो आणि तो मालवणपर्यंत पोहोचतो. वालचंदशेठांनी जहाजात, विमानात आणि मोटारीत आयुष्यभर जे मागितले ते याहून फार वेगळे नव्हते. मोठे यंत्र विकत आणता येते, पण त्याचा लहान भाग आपल्याला बनवता आणि बदलता आला नाही, तर ते यंत्र आपले होत नाही. त्यांच्या पुतळ्याला हार घालण्यापेक्षा ही गोष्ट ध्यानात ठेवणे मला अधिक योग्य वाटते.

ज्या भगिनींना पाहायचे असेल त्यांनी पावसाळ्याआधी एखाद्या दुपारी आमच्याकडे यावे. टोपी काढून, पॉइंट उघडे करून दाखवीन. घरात पाण्याचा पंप आहे, मिक्सर आहे, मुलींच्या स्कूटी आहेत, त्यांच्याही पोटात असेच काही लहानसे दडलेले आहे. ते कोण बनवते आणि बिघडल्यावर आपल्या हातांनी त्यातले काय करता येईल, हे विचारण्याची सवय मंडळातल्या मुलींना लागावी, एवढीच या लेखामागची इच्छा आहे.